तुरीतला चेंडू

सोयाबीन निघालं की हरबरा पेरायला आठ दिवस असतात,
तेवढंच आमचं मैदान.
धसकटं टोचतात म्हणून फिल्डिंगला कोणी जिवावर पळत नाही.
भेगेत पडला की चेंडू वळतो,
त्याला मुनीर आपली स्पिन म्हणतो.

दुधनेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं बोरगव्हाण.
त्यांचे अकरा आले तीन मोटरसायकलींवर,
बारावा पऱ्हाट्यांचे स्टंप काखेत धरून
पायी, नदीतून.

अंपायर रंगनाथ. आमच्या गावचा लेक, त्यांच्या गावचा जावई.
म्हणून पायचीत द्यायचंच नाही, हे टॉसच्या आधी ठरलं.
त्याला बिचाऱ्याला धोंड्याच्या महिन्यात तिकडं जेवायचं असतं
आणि रोज रात्री इकडं निजायचं.

हरेल त्यानं फाट्यावर भजे चारायचे.

मी स्कोअर लिहितो.
खेळता येत नाही म्हणून नव्हे (म्हणजे, येत नाहीच),
पण डेअरीची वही माझ्याकडं असते.
पुढून दूध, फॅट, कोणाचं किती पाणी.
मागून रन.
उत्रेश्वर सोळा. मुंजाजी शून्य.
बाद झाल्यावर मुंजाजी किती वेळ बॅटकडं बघत राहिला
त्याला वहीत रकाना नाही.

शेवटचा चेंडू. चार पाहिजेत.
समोर खय्यूम, फाट्यावरचा पंक्चरवाला.
मारताना डोळे मिटले होते, असं तो नंतर म्हणाला.
चेंडू लिंबाच्या वर गेला,
तारेवरच्या होल्यांच्याही वर,
आणि सोपानकाकाच्या तुरीत उतरला.
तूर फुलात होती. पिवळ्यात पिवळा.

"चौका!" आम्ही.
"सापडल्याबिगर कशाचा चौका?" बोरगव्हाण.
रंगनाथनं एक हात वर केला,
मग त्याच हातानं डोकं खाजवलं.

बावीस जण तुरीत शिरले, अंग चोरून,
हात डोक्यावर धरून, पोलिसांनी धरल्यासारखे.
बांधावर सोपानकाका:
"एक फूल झडलं ना लेकाहो,
तं शेंगा तुमच्या घरून मोजून घेईन!"
थोड्या वेळानं कोण कुठल्या गावचा, कळेना.
सगळ्यांच्याच केसांत पिवळं.

दिवस बुडाला. चेंडू एकच होता.
भज्याचे पैसे अर्धे अर्धे, मिरच्या हॉटेलवाल्याकडून.
खय्यूमच्या नावापुढं मी चौकट काढली
आणि रिकामी ठेवली.

संक्रांत झाली. माय तुरी काढायला जात होती.
एका रात्री भाकर थापता थापता म्हणाली,
"काहून रे, तुमचा चेंडू हरवला व्हता ना?"
तिच्या पातीत इळ्याला मऊ लागलं काहीतरी.
आधी वाटलं, सशाचं पिल्लू.
लव गेलेली, एका अंगानं वाळवी,
पण दाबला की अजून फुगायचा.

"मंग?"
"मंग काय, फेकला गयाबाईकडं. तिनं द्वारकाकडं.
सहाजणी व्हतो. इळे ठिवले बांधावर,
सोपान पाणी प्यायला गेल्ता तवर.
हात वर करून किती सालानं पळाले म्या."

"कोणाच्या हातून पडला नाही?"
ती हसली, धूर डोळ्यांत जाईस्तोवर.
"एकडाव. भागूबाईच्या. लईच उंच फेकला व्हता म्या."

मी उठलो, वही काढली, उलटी उघडली.
खय्यूमच्या चौकटीत लिहिलं:
झेल सुटला, भागूबाई. नाबाद.

भज्याचे अर्धे पैसे बोरगव्हाणला परत मागायचे का,
ते अजून ठरलेलं नाही.
रंगनाथ म्हणतो, सासरवाडीला विचारून सांगतो.